‘ऐकतच नाहीत’ ही तक्रार आधी कानाकडे न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुटुंबातल्या संवादाबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येतं. मोबाइलमुळे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, मुलं वडीलधाऱ्यांना विचारत नाहीत, म्हातारी माणसं आपलंच खरं करतात, असा त्याचा सूर असतो. समोरच्याच्या कानापर्यंत शब्द पोहोचला का, हा साधा प्रश्न मात्र त्यात क्वचितच दिसतो. आम्ही श्रवणतपासणीचं काम करतो. ‘आई मुद्दाम दुर्लक्ष करते’, ‘बाबांना फक्त सोयीचं तेवढं ऐकू येतं’, ‘पोरगा दहा हाका मारल्याशिवाय ओ देत नाही’, अशा तक्रारी वर्षानुवर्षं स्वभावाच्या खात्यावर मांडलेल्या असतात आणि कान तपासले की त्यातल्या कितीतरी तिथून उतरवाव्या लागतात. त्याविषयी थोडं सविस्तर लिहीत आहोत.

वय वाढतं तशा आतल्या कानातल्या शंखाकृती नळीमधल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. झीज सुरू होते ती वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींपासून, आणि घरातल्या गैरसमजांचं मूळ नेमकं इथे आहे. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, च, थ, फ, ख, ट या व्यंजनांचा बराचसा आवाज वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण असतो. बोलण्याचा आवाज येतो तो मुख्यतः स्वरांमुळे, शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. म्हणून अशी व्यक्ती अगदी प्रामाणिकपणे सांगते, ‘आवाज येतो रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही.’ ‘सात’ आणि ‘साठ’, ‘खाट’ आणि ‘पाट’, ‘पंचवीस’ आणि ‘पंचेचाळीस’ या जोड्या तिच्या कानात सारख्याच वाजू शकतात. बदल हळूहळू, काही वर्षांत होत असल्याने तिला स्वतःला तो जाणवत नाही. हल्ली सगळेच पुटपुटतात, असं तिला वाटतं.

‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा आरोप सर्वांत जास्त दुखावणारा. सासूला मुलाचं बोलणं कळतं आणि सुनेचं कळत नाही, यावरून घराघरात काय काय अर्थ काढले जातात! प्रत्यक्षात मुलगा संध्याकाळी समोर बसून सावकाश बोलतो. सून फोडणी देता देता, ओट्याकडे तोंड करून, एक्झॉस्ट पंखा सुरू असताना बोलते. शिवाय बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज सहसा बारीक आणि कमी जोराचा असतो, त्यामुळे सगळ्यात आधी निसटतात ती नातवंडांची वाक्यं. यात विषयाचाही भाग असतो. पेन्शन, दूध, गावाकडची जमीन असे ओळखीचे विषय निघाले की निसटलेले शब्द मेंदू अंदाजाने भरून काढतो. नवा विषय अचानक निघाला की अंदाजाला धरायला काही नसतं. त्यातून ‘पैशाचं बरं ऐकू येतं’ हा टोमणा जन्माला येतो.

दुसरी नेहमीची कुरबुर अशी: हळू बोललं तर ‘काय?’ आणि मोठ्याने बोललं तर ‘ओरडतेस कशाला?’ ही कटकट वाटते, पण ते दोन्ही एकाच दोषाचे परिणाम आहेत. निरोगी कानाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज आणि सहन न होणारा मोठा आवाज यांत साधारण १०० डेसिबलचं अंतर असतं. केसपेशी झिजल्या की खालची रेघ वर सरकते, ५० डेसिबलपर्यंतही जाते, पण वरची रेघ जवळपास तिथेच राहते. म्हणजे सोयीने ऐकण्याची जागाच निम्म्यावर येते. ओरडून बोलण्यात आणखी एक तोटा आहे. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे शब्द अधिकच अस्पष्ट होतो. आणि ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. ज्याचे कान अधू आहेत तो चेहऱ्यावरूनच अर्थ लावत असतो, त्याच्यापर्यंत शब्दांऐवजी राग पोहोचतो.

आता अंतराचं गणित. समोर एक मीटरवर बसलेल्या माणसाचं साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल भरतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की त्यातून ६ डेसिबल वजा होतात. दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८. घरात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हे आकडे थोडे बदलतात, पण परतलेला आवाज शब्द पुसट करतो, स्पष्ट करत नाही. त्यात मिक्सर ८० डेसिबलच्या पुढे, वर पूर्ण वेगातला पंखा, शेजारी टीव्ही. तरुण कान गोंगाटाइतक्याच जोराचं बोलणंही बऱ्यापैकी समजून घेतो. अधू कानाला ते गोंगाटाहून साधारण १० ते १५ डेसिबल वर लागतं. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात टाकलेलं वाक्य ही अट पुरी करूच शकत नाही, मग बोलणाऱ्याच्या मनात कितीही प्रेम असो.

म्हणून पहिला नियम: लक्ष वेधल्याशिवाय वाक्य सुरू करायचं नाही. त्याच खोलीत जा, दीड-दोन मीटरच्या आत या, नावाने किंवा नात्याने हाक मारा आणि नजर तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. नजर वळायला दोन-तीन सेकंद लागतात. बहुतेक जण तेवढंही थांबत नाहीत. हाक आणि वाक्य एका दमात म्हणून टाकतात, वाक्याचा पहिला अर्धा भाग वाया जातो आणि उरलेल्या अर्ध्याला काही अर्थ लागत नाही. दिसत नसेल अशा बाजूने येऊन खांद्याला हात लावू नका, माणूस दचकतो. समोरून या.

नजर वळली की आधी विषय सांगा, मग वाक्य. ‘बाबा, दवाखान्याचं बोलायचंय. उद्या सकाळी दहाला निघू.’ ‘दवाखाना’ हा शब्द कानात बसला की पुढचं ओळखणं सोपं जातं. वाक्य छोटं, वेग थोडा कमी, दोन वाक्यांमध्ये श्वासभर थांबा. एकेक अक्षर तोडून बोलू नका. त्याने ओठांची नेहमीची हालचाल बिघडते आणि ऐकणाऱ्याला कमी लेखल्यासारखंही वाटतं. एकदा सांगून कळलं नाही तर दुसऱ्यांदा तेच शब्द जोर लावून म्हणण्यापेक्षा शब्द बदला. ‘खाट हलवायची’ कळलं नाही तर ‘पलंग सरकवायचाय’ म्हणा, कारण पहिल्या वेळी जे व्यंजन निसटलं ते दुसऱ्या वेळीही निसटणारच.

‘कळलं का?’ हा प्रश्न अगदी निरुपयोगी. त्याला ‘हो हो’ हेच उत्तर मिळतं. वारंवार ‘काय?’ विचारण्याची लाज वाटायला लागली की माणूस मान डोलवायला शिकतो आणि मग ‘मी सांगितलं होतं, तू हो म्हणाली होतीस’ हे भांडण दोन दिवसांनी उभं राहतं. त्याऐवजी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर ऐकलेलं असल्याशिवाय देता येणार नाही: ‘मग किती वाजता तयार राहशील?’ औषधाची मात्रा, पैशाची रक्कम, तारीख आणि फोन नंबर तोंडी सांगून सोडू नका. आकडे अंक सुटे करून सांगा, ‘दोन-पाच, पंचवीस’, आणि कागदावर लिहून द्या. गोळ्यांच्या बाबतीत ऐकण्यातली चूक थेट प्रकृतीवर येते. ‘काही नाही, जाऊ दे’ हे चार शब्द मात्र घरातून हद्दपार करावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. एखादा विनोद पुन्हा सांगायला दहा सेकंद लागतात. ‘जाऊ दे’ ऐकणारा माणूस हळूहळू विचारायचंच सोडून देतो आणि पंगतीत बसूनही एकटा पडतो.

घरातही थोडे बदल करता येतात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तोंड काळोखात जातं आणि ओठ दिसत नाहीत. तोंडात घास, सुपारी किंवा समोर हात असेल तेव्हाही तेच. सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी आणि काचा असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी, गादीचा दिवाण, पुस्तकांचं कपाट यांनी तो घुमण्याचा त्रास बराच कमी होतो. जेवताना टीव्ही बंद. आजी-आजोबांची जागा भिंतीकडे पाठ येईल अशी, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी आणि त्यांचा जो कान चांगला आहे तो घरच्यांकडे येईल अशी ठेवा. एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम मोठ्या कुटुंबात पाळणं अवघड आहे हे आम्हाला माहीत आहे. निदान विषय बदलला की कोणीतरी तसं सांगावं: ‘आजी, आता लग्नाच्या हॉलचं चाललंय.’ ऐकण्याचा ताण दिवसभर साठत जातो, म्हणून महत्त्वाचं बोलणं सकाळी करावं. रात्री नऊनंतर व्यवहाराचे निर्णय काढू नयेत.

हे सगळं तपासणीला पर्याय नाही. टीव्हीचा आवाज इतरांना मोठा वाटतो, फोन एकाच कानाला लावला जातो, समारंभ टाळले जातात, दारावरची बेल चुकते, अशी लक्षणं दिसली की आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कानात डोकावून घ्या. कधी कधी नुसता घट्ट मळ असतो. तो काढायला हेअरपिन, काडी, गरम तेल यांतलं काहीही वापरू नका, पडदा फाटतो किंवा मळ आणखी आत जातो. डॉक्टरांनी दिलेले थेंब काही दिवस घालून तो मऊ करतात आणि मग काढतात. कान साफ असला तर ऑडिओमेट्री: आवाजबंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांवर ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज मोजतात, कानाच्या मार्गे आणि हाडाच्या मार्गे. सोबत मराठी शब्दांची चाचणी मागून घ्या, कारण नुसत्या शिट्ट्या ऐकू येणं आणि शब्द कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी दुखत नाही, तासाभरात होते. तपासणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. पण एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर वाट पाहू नका. ती तातडीची बाब आहे. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता असते, आठवडे गेले की ती झपाट्याने कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत दोन्हींपैकी चांगल्या कानाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज २० डेसिबलच्या आत असेल तर श्रवण सामान्य, २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम. साठीपुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांना अडचण आणणारा दोष असतो, असं ही संघटना सांगते. आपल्याकडचा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढचाच दोष मोजतो. मधल्या पट्ट्यातले, म्हणजे ४०-५० डेसिबलवाले, कायद्याच्या लेखी दिव्यांग नाहीत आणि घरच्यांच्या लेखी हट्टी आहेत. आमच्याकडे सर्वांत उशिरा पोहोचतात ते हेच.

श्रवणयंत्राबद्दल स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. तपासणी न करता ऑनलाइन मागवलेलं स्वस्त उपकरण सगळेच आवाज सरसकट वाढवतं, खालच्या पट्टीतला पंखाही. श्रवणयंत्र ज्या पट्टीत जेवढी तूट आहे तेवढंच वाढवतं आणि ठरावीक मर्यादेपुढे आवाज जाऊ देत नाही. ते ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऑडिओमेट्रीतून मिळालेल्या आलेखाप्रमाणे, बसवावं लागतं आणि शक्य तिथे कानात बारीक नळी ठेवून प्रत्यक्ष मोजून पाहावं लागतं. दोष दोन्ही कानांत असेल तर यंत्रंही दोन हवीत. गोंगाटात शब्द वेगळा काढणं आणि आवाज कुठून आला ते ओळखणं एका कानाने नीट होत नाही.

पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी जवळपास एकसारख्या असतात: माझाच आवाज पिंपातून येतो, भांडी फार वाजतात, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कर्कश वाटतं. मेंदूने हे आवाज कित्येक वर्षं ऐकलेले नसतात, त्याला सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, दिवसातून एक-दोन तास. दर दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवत तीन-चार आठवड्यांत दिवसभर. थेट लग्नाच्या हॉलमध्ये यंत्र घालून नेलं तर ते त्याच रात्री कपाटात जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही. या पहिल्या महिन्यात किमान दोन-तीनदा यंत्राची जुळणी करून घ्यायला जावंच लागतं. ते पैसे विक्रीच्या किमतीत धरले आहेत का, हे आधीच विचारा.

‘मशीन बिघडलं’ म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांत बिघाड नसतो. टोकाची जाळी मळाने बुजलेली असते, नळीत घाम किंवा वाफेचे थेंब असतात, सेल संपलेला असतो किंवा डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेली असते. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. सेलवरचा कागद काढल्यावर तो मिनिट-दोन मिनिटं उघडा ठेवून मग बसवायचा, कारण तो हवेवर चालतो. कागद काढला की वापरा किंवा न वापरा, त्याचं आयुष्य सुरू होतं. रात्री सेलचं दार उघडं ठेवा. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवणं सक्तीचं समजा. तेल आणि पावडर लावून झाल्यावर यंत्र घाला, आंघोळीला काढा. शिट्टी वाजत असेल तर ते नीट बसलेलं नाही, मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल झाला आहे किंवा कानात मळ आहे. सकाळी मुठीत धरून शिट्टी येते का पाहा. बहुतेक यंत्रं वाजतात, न वाजल्यास आधी सेल बदला. संधिवाताच्या बोटांना हे जमत नाही, म्हणून घरातल्या एकाने तरी शिकून घ्यावं. दहा-बारा वर्षांची नातवंडं हे काम उत्तम करतात. त्याहून लहान मुलांपासून मात्र सेल दूर ठेवा. गिळला किंवा नाकात घातला तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यायचं.

यंत्र लागलं की प्रश्न मिटला, असं कुटुंबाने समजू नये. झिजलेल्या पेशी ते परत आणत नाही. दोन-तीन मीटरपलीकडे त्याचा उपयोग उतरतो, त्यामुळे स्वयंपाकघरातून बोलण्याची सवय तेव्हाही सोडावीच लागते. यंत्राने स्मृतिभ्रंश टळतो, अशा जाहिरातींपासून सावध राहा. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर एकूण गटात आकलनशक्तीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. हे आशादायक आहे, हमी नाही. उलट बाजूचा धोका आम्हाला अधिक जवळचा वाटतो: प्रश्न ऐकू न आल्याने चुकीचं उत्तर दिलं आणि त्यावरून ‘विसरायला लागले’ असा शिक्का बसला. स्मरणशक्तीची तपासणी करण्याआधी कानाची करावी.

मुलांबद्दल थोडक्यात. दोन ते सात या वयात सर्दीनंतर मधल्या कानात चिकट द्रव साठतो. दुखत नाही, ताप नसतो, पण साधारण २५-३० डेसिबलची तूट येते. मूल टीव्हीच्या जवळ सरकतं, तोंडाने श्वास घेतं, वर्गात ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो आणि घरी मार. टिम्पॅनोमेट्री ही काही मिनिटांची तपासणी ते दाखवते. पुष्कळदा तीन महिन्यांत द्रव आपोआप जातो. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवणं आणि समोर जाऊन बोलणं एवढं पुरतं. त्यानंतरही राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शेवटी शासनाकडे एक मागणी, जी आपल्या वर्तमानपत्रामार्फत पोहोचावी. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७पासून श्रवणयंत्रं दिली जातात, दिव्यांगांसाठी वेगळी साहाय्य योजना आहे आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४पासून पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात ३००० रुपये जमा होतात. चांगल्या डिजिटल यंत्राला एवढे पैसे पुरत नाहीत, तरी सुरुवात म्हणून ठीक. पण शिबिरात यंत्र हातात देऊन, फोटो काढून काम संपवणं चुकीचं आहे. लाभार्थ्यासोबत घरातली एक व्यक्ती यायलाच हवी आणि यंत्र घालणं, काढणं, सेल बदलणं तिच्याकडून समोर करून घ्यावं. पहिल्या तीन महिन्यांत तालुक्याच्या ठिकाणी जुळणीसाठी तीन तारखा ठरवून द्याव्यात आणि सहा महिन्यांचे सेल यंत्रासोबतच मिळावेत. वाटलेल्या यंत्रांपैकी वर्षभराने किती कानावर आहेत, ही मोजणी प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावी.

आपले,
श्रवणतपासणी आणि वाचाउपचार क्षेत्रात काम करणारे काही जण, सातारा